संध्याकाळ झाली की मोबाइल पिवळा: नाइट लाइट आतून काय करतं?

झिरोमाईल (धागाकर्ता), रविवार रात्री ९:१०

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण तो सोडवताना मलाच इतके उपप्रश्न पडले की वेगळा धागा काढतोय.

बाबांच्या फोनचा स्क्रीन रोज संध्याकाळी पिवळट होतो आणि सकाळी बघावं तर पांढराशुभ्र. आम्ही दोघं नागपुरातच, पण बाबा मानेवाड्याला, मी त्रिमूर्तीनगरला. मी जातो ते रविवारी दुपारी, तेव्हा फोन ठणठणीत. शेवटी ते घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं "उन्हानं डिस्प्ले उतरला काका, बदलावा लागेल" म्हणून सांगितलं आणि लगेच भावही सांगून टाकला. मे महिन्यात नागपुरात उन्हावर कशाचंही खापर फोडलं तरी लोक मान डोलावतात.

मला वाटतंय हे नाइट लाइटचं, म्हणजे रात्री स्क्रीनचा निळा प्रकाश कमी करणारं सेटिंग आहे. पण पॅनेल गेलंय की सेटिंग आहे हे घरबसल्या ठरवायचं कसं? आणि सेटिंग असेल तर ते चालू ठेवून खरंच झोप चांगली लागते, की नुसतं डोळ्यांना बरं वाटतं? तिसरं म्हणजे हे काम फोन नक्की कुठे करतो? फोटो पिवळे होतात का? कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा, घाई नाही.

वऱ्हाडी ठेचा, रविवार रात्री ९:२२

भाऊ, पॅनेल-बिनेल काही नाई गेलं. गेलं असतं तर सकाळी उठून आपोआप बरं काहून झालं असतं? ते काय तापाचं पेशंट हाय का? वरून बोट खाली ओढा, तिथं नाइट लाइट, आय कम्फर्ट, रीडिंग मोड असं काहीतरी दिसन. ते बंद करून पाहा. काकांना म्हणा त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका.

रेझिस्टर, रविवार रात्री १०:३५

ठेचाभाऊंचं निदान बरोबर. खात्री करायची तर फोन पिवळा असतानाच बंद करून पुन्हा सुरू करा. आधी कंपनीचा लोगो येतो, त्या क्षणी अँड्रॉइड अजून जागं झालेलं नसतं, म्हणून नाइट लाइटही नसतं. लोगोतलं पांढरं पांढरं दिसलं आणि फोन पूर्ण चालू झाल्यावर पिवळेपणा परत आला, तर सेटिंग. लोगोच पिवळा दिसला तर पॅनेलकडे बघा. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर बघा असा सल्ला बरेच जण देतात, तो इथे कुचकामी आहे. दोन्ही बाबतीत स्क्रीनशॉट स्वच्छच येतो. का, ते खाली येईलच.

स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपठिपके असतात आणि प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा जातो. तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. नाइट लाइट या तीन आकड्यांना तीन वेगवेगळ्या अपूर्णांकांनी गुणतं. लाल जवळपास तसाच राहतो, हिरवा थोडा कमी होतो, निळा बराच कमी होतो. बस, एवढाच खेळ आहे. वर पिवळा कागद चिकटवलेला नसतो, आणि वेगळा कुठला पिवळा दिवाही लागत नाही.

हा गुणाकार होतो कुठे, हे जास्त मजेदार आहे. व्हॉट्सअ‍ॅप आपली खिडकी रंगवतं, वरची बॅटरी-नेटवर्कची पट्टी वेगळी रंगते, कीबोर्ड वेगळा. अँड्रॉइडमधला सरफेसफ्लिंगर नावाचा भाग हे सगळे थर एकत्र जोडून एक चित्र तयार करतो. ते चित्र पॅनेलकडे निघालं की अगदी शेवटच्या टप्प्यावर डिस्प्लेचं हार्डवेअर त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला चार बाय चारच्या एका मॅट्रिक्सनं, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यानं, गुणतं. हार्डवेअरला ते जमत नसेल तर ग्राफिक्स चिप करते. स्क्रीनशॉट या गुणाकाराच्या आधीच्या चित्राचा असतो, म्हणून तो पिवळा येत नाही. गॅलरीतल्या फोटोंनाही धक्का लागत नाही. तुम्ही पाठवलेला फोटो समोरच्याला त्याच्या सेटिंगप्रमाणे दिसणार.

अँड्रॉइडच्या खुल्या सोर्स कोडमध्ये नाइट लाइटचं मूळ मूल्य २८५० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप, खाली येतंच) आहे आणि पिवळेपणा कमी-जास्त करायची पट्टी २५९६ पासून ४०८२ पर्यंत सरकते. फोन कंपन्या आपापल्या परीनं हे बदलतात. २८५० ला गुणक साधारण असे निघतात: लाल पूर्ण, हिरवा पाऊण, निळा निम्मा. पण आकडा निम्मा झाला म्हणजे प्रकाश निम्मा झाला असं समजू नका. स्क्रीनचा आकडा आणि प्रत्यक्ष उजेड यांचं नातं सरळ रेषेचं नसतं, त्यात गॅमा येतो, साधारण २.२ चा घात. ०.५ चा २.२ वा घात काढा, ०.२२ च्या आसपास येतो. म्हणजे आकडा अर्धा केला तर निळा उजेड पाचव्या हिश्शाच्या थोडा वर उरतो. पट्टी थोडीशीच सरकवली तरी रंग इतका का बदलतो, याचं कारण हे.

केल्विनबद्दल एक गंमत. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी तांबडं होतं, मग पिवळं, आणि खूप तापलं की पांढरं. म्हणजे भौतिकशास्त्राच्या हिशोबानं तांबडा रंग "थंड" आणि निळसर पांढरा "गरम". आपण बोलताना नेमकं उलट बोलतो. मेणबत्ती १९०० केल्विनच्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, आणि स्क्रीनचा प्रमाण पांढरा ६५००. म्हणून नाइट लाइट "वॉर्म" करायचं तर आकडा खाली आणावा लागतो.

झिरोमाईल, रविवार रात्री १०:५८

बाबांना फोन करून लोगोची परीक्षा करून घेतली. लोगो पांढरा, नंतर पिवळा. डिस्प्लेचे पैसे वाचले!

आता नवीन शंका. बाबा म्हणतात हिवाळ्यात हे लवकर सुरू व्हायचं, आता उशिरा होतंय. वेळ कोणी बदलली? त्यांनी तर काहीच केलेलं नाही.

रेझिस्टर, रविवार रात्री ११:१५

वेळ सूर्य बदलतो. त्यांच्या फोनमध्ये "सूर्यास्त ते सूर्योदय" हा पर्याय चालू असणार. फोनला अक्षांश-रेखांश कळले की त्या तारखेचा सूर्यास्त तो स्वतः मोजतो, त्याला इंटरनेट लागत नाही. नागपूरचा सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास आणि जूनअखेर सातच्या सुमारास, म्हणजे वर्षात दीड तासाचा फरक. आपण मुंबईच्या सहा अंशांहून थोडे जास्त पूर्वेला, आणि दर अंशाला चार मिनिटं, त्यामुळे बाबांचा फोन मुंबईच्या नातेवाइकांच्या फोनपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी पिवळा होणार.

यासाठी लोकेशनची परवानगी लागते. आयफोनवर नाइट शिफ्टचा (तिथल्या नाइट लाइटचं नाव) हा पर्याय दिसत नसेल तर लोकेशन सर्व्हिसेसच्या आत सिस्टिम सर्व्हिसेसमध्ये टाइम झोनची कळ चालू आहे का बघा. आणि खरं सांगायचं तर मला हा पर्याय पटत नाही. डिसेंबरात साडेपाचला स्क्रीन पिवळा करून काय मिळवायचं? माणूस झोपतो अकराला. स्वतःची वेळ घालावी, झोपेच्या दोन-तीन तास आधीपासून.

इतवारी_काठपदर, सोमवार सकाळी ११:०५

चांगला धागा, रेझिस्टर यांचे आभार. माझा साड्यांचा व्यवसाय आहे, इतवारीतून माल घेते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. बायका रात्री जेवणं आटोपल्यावर फोटो बघतात आणि ऑर्डर देतात. माल पोचला की, "ताई, फोटोत तर मोतिया होती, ही तर पांढरी निघाली". जांभळ्याचा तर कायमचा वाद, कुणाला तो वांगी दिसतो, कुणाला मरून. मी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी फोटो काढते. याचं कारण हेच सेटिंग असेल का?

रेझिस्टर, सोमवार दुपारी १:२०

ताई, सगळ्याच परती त्यामुळे होत असतील असं नाही, कॅमेराही रंगांचा गोंधळ घालतो आणि काही फोनचे स्क्रीन मुळातच भडक असतात. पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं अगदी नेमकी आहेत. पांढरा आणि मोतिया यांच्यातला फरक जवळजवळ सगळा निळ्या आकड्यात असतो. निळ्याला दाबलं की तो फरकही दबतो, दोन्ही साड्या मोतियाच दिसतात. जांभळा म्हणजे लाल अधिक निळा, त्यातला निळा काढला की मरून उरतो. गडद नेव्ही ब्लू तर रात्री काळाच वाटेल. सगळ्यात सुरक्षित रंग लाल आणि केशरी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाला आपला स्क्रीन पिवळा आहे हे जाणवतच नाही. पाच-दहा मिनिटांत डोळा त्या पांढऱ्याला पांढरा मानून मोकळा होतो. नाइट लाइट एकदम बंद केलं की स्क्रीन निळा वाटतो, तो त्याचाच पुरावा.

कूलरची हवा, सोमवार दुपारी २:०५

हे सगळं ठीक आहे, पण मुळात हे खूळ आलं कुठून? पूर्वी रात्र-रात्र कॉम्प्युटरवर बसायचो, झोपही लागायची.

रेझिस्टर, सोमवार दुपारी २:४०

कॉम्प्युटरवरूनच आलं. २००९ मध्ये एफ.लक्स नावाचं छोटं सॉफ्टवेअर निघालं, मायकेल आणि लॉर्ना हर्फ या जोडप्यानं केलेलं. लिनक्सवाल्यांकडे रेडशिफ्ट होतं. मोबाइलवर सुरुवातीला ट्वायलाइटसारखी अ‍ॅप होती. त्यांना सिस्टिमच्या आतला गुणाकार करायची मुभा नव्हती, म्हणून ती सगळ्या स्क्रीनवर एक अर्धपारदर्शक तांबूस थर अंथरायची. त्यात काळा रंगही तांबूस व्हायचा आणि सगळं धुरकट दिसायचं. शिवाय अँड्रॉइड ६ मध्ये कुठल्याही अ‍ॅपला परवानगी द्यायला गेलं की "स्क्रीन ओव्हरले डिटेक्टेड" म्हणून फोन अडून बसायचा. आठवतंय का कुणाला? तो या असल्या थरांमुळेच. वर थर असला की खाली खरं बटण कुठलं याची खात्री राहत नाही, म्हणून ती सुरक्षेची अडवणूक होती.

अ‍ॅपलनं मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ बरोबर नाइट शिफ्ट आणलं. त्याच वर्षी गूगलच्या पिक्सेल फोनवर नाइट लाइट आलं, आणि २०१७ मध्ये विंडोज १० मध्येही. आता अगदी स्वस्त फोनमध्येही ते असतंच, नाव तेवढं वेगळं.

अभ्यासिका चोवीस तास, सोमवार संध्याकाळी ७:३०

मी एमपीएससी करतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पीडीएफ वाचतो. नाइट लाइट फुल्लवर. तरी डोळे चुरचुरतात, झोप लागत नाही ते वेगळंच. काही जण म्हणतात ब्लू लाइटचा चष्मा घे. घेऊ का? आणि यानं बॅटरी वाचते का?

डोळस, सोमवार रात्री ९:५०

मी नेत्रविभागात निवासी डॉक्टर आहे. इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत पडल्यात, त्या आधी वेगळ्या करते.

पहिली गोष्ट, चुरचुर. तिचा निळ्या प्रकाशाशी फार संबंध नाही. स्क्रीनकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, अश्रूंचा थर सुकतो. त्यात मे महिन्यातली आपल्याकडची कोरडी हवा, आणि पंख्याचा झोत थेट तोंडावर. चष्म्याबद्दल म्हणाल तर २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं सतरा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी डोळ्यांचा ताण साध्या काचांपेक्षा कमी होतो असं त्यात दिसलं नाही. पैसे ठेवा जवळ. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघा आणि पापण्या मुद्दाम मिटा. चुरचुर तरीही थांबली नाही तर नंबर तपासून घ्या. रात्री दोनला "निळा प्रकाश" छळतोय असं वाटणाऱ्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात नंबर लागलेला असतो.

दुसरी गोष्ट, झोप. इथे निळ्याचा संबंध खरोखर आहे. दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकुपेशी असतात हे शाळेत शिकलो. त्याशिवाय आणखी एक प्रकार असतो, तो २००२ च्या सुमारास पक्का झाला. या काही मोजक्या चेतापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. या पेशी चित्र दाखवायच्या फंदात फारशा पडत नाहीत, मेंदूतल्या घड्याळाला "अजून दिवस आहे" हा निरोप पोचवणं हे त्यांचं मुख्य काम. तो निरोप गेला की मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, स्रवायचं लांबतं.

बऱ्याच फोनचा पांढरा प्रकाश मुळात निळ्या एलईडीपासून निघतो, बहुतेक पॅनेलचं निळं शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे मेलॅनॉप्सिनच्या शेजारचंच घर. रेझिस्टर म्हणाले तसं नाइट लाइट हे शिखर खाली आणतं, तर्क इथवर चोख आहे.

अडचण पुढे आहे. २०१४ च्या अखेरीस बोस्टनच्या संशोधकांनी बारा जणांवर केलेला अभ्यास आला. झोपण्याआधी चार तास, पूर्ण ब्राइटनेसवर टॅब्लेट वाचायला दिला, आणि तुलनेला मंद उजेडात छापील पुस्तक. टॅब्लेटवाल्यांना झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली. जगभर बातम्या झाल्या. मूळ अट मात्र कुणी वाचली नाही: चार तास, पूर्ण ब्राइटनेस. आणि फरक दहा मिनिटांचा.

मग नाइट शिफ्टचीच तपासणी झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर संस्थेच्या प्रकाश संशोधन केंद्रात तरुणांना आयपॅड देऊन मेलॅटोनिन मोजलं. नाइट शिफ्ट कमी पिवळं आणि जास्त पिवळं, या दोन्हींत लक्षणीय फरक सापडला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं १६७ तरुणांचे तीन गट केले: नाइट शिफ्टसह फोन, त्याशिवाय फोन, आणि झोपण्याआधी फोनच नाही. एकूण बघता तिन्ही गट सारखेच झोपले.

म्हणून माझं मत: पिवळा रंग अपाय करत नाही, करतो तो उपकार किरकोळ.

कूलरची हवा, सोमवार रात्री १०:१५

म्हणजे थोडक्यात थेरं. मी म्हणालोच होतो.

वऱ्हाडी ठेचा, सोमवार रात्री १०:२१

तुम्ही म्हणाले काय होते? तुम्ही तर म्हणाले रात्र-रात्र जागत होतो. 😄

डोळस, सोमवार रात्री १०:५५

थेरं म्हणणार नाही. तर्क खरा आहे, मात्रा चुकते. घड्याळाला निरोप जातो तो डोळ्यात एकूण किती उजेड शिरतो त्यावर. पिवळा करून ब्राइटनेस तसाच ठेवला तर बराच प्रकाश तरीही आत जातो, कारण हिरव्याचा काही भागही मेलॅनॉप्सिनला लागतो. नुसता रंग बदलण्यापेक्षा उजेड कमी करणं आणि फोन लांब धरणं जास्त कामी येतं. वीस सेंटीमीटरवरचा फोन चाळीसवर नेला तर डोळ्यावर पडणारा प्रकाश ढोबळमानानं चौथा हिस्सा होतो. फुकटात.

एक छोटी भर. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. मेलॅनॉप्सिनला दोन्हीकडे सारखाच डोस देऊन रंग तेवढा बदलला, तेव्हा पिवळसर प्रकाशाचा घड्याळावर परिणाम निळ्यापेक्षा जास्त दिसला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे यावरून उद्या स्क्रीन निळा करायला जाऊ नका. पण "पिवळं म्हणजे झोप" इतकं सरळ नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

रेझिस्टर, मंगळवार सकाळी ८:३०

डॉक्टर, सुरेख लिहिलंत. मात्रेवरून मला आपल्या घरांबद्दल एक बोलायचं आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत ट्यूब कुठली असते? खोक्यावर "कूल डेलाइट, ६५०० के" लिहिलेली. वीस वॅटची एलईडी ट्यूब साधारण दोन हजार ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) टाकते. त्या पांढऱ्या लख्ख ट्यूबखाली, पांढऱ्या चुन्याच्या भिंतींच्या खोलीत, माणूस रात्री अकरा वाजता फोन पिवळा करून बसलेला असतो आणि म्हणतो मी निळा प्रकाश टाळतोय. फोन हातभर लांब, पण खोलीभर दिवस उजाडलेला!

२०२२ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांच्या एका गटानं एकमतानं शिफारस दिली: दिवसा डोळ्याच्या पातळीवर मेलॅनॉप्सिनच्या मापानं किमान २५० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप), झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, आणि झोपेत १. दहा म्हणजे फारच कमी हो. लख्ख ट्यूब लावलेल्या खोलीत तो आकडा कधीच ओलांडलेला असतो. त्यापुढे फोनच्या पट्टीवर पिवळा किती ओढला याला अर्थ उरत नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी ट्यूब बंद करून कोपऱ्यात एक कमी वॅटचा २७०० किंवा ३००० केल्विनचा बल्ब. तेवढ्याच लक्सला त्याचा मेलॅनॉप्सिनवरचा परिणाम ६५०० च्या ट्यूबच्या साधारण निम्मा पडतो, आणि वॅट कमी असल्यानं एकूण उजेडही कमी. मग फोनचा ब्राइटनेस. मग सगळ्यात शेवटी नाइट लाइट.

इतवारी_काठपदर, मंगळवार सकाळी ११:४०

पिवळा बल्ब लावला की सासूबाई म्हणतात घरात अंधार करून ठेवलाय, दिवेलागणीला असं बरं दिसत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सगळीकडे पांढऱ्या ट्यूबच.

डोळस, मंगळवार दुपारी १:१०

ताई, दिवेलागणीला ट्यूब खुशाल लावा, आपला प्रश्न नऊनंतरचा आहे. तोवर सासूबाईंच्या मालिका संपल्या की बघा काय जमतं. आणि त्या शिफारशीतला पहिला आकडा विसरू नका, दिवसा २५० लक्स. दिवसभर अंधाऱ्या दुकानात किंवा पडदे लावलेल्या खोलीत बसणाऱ्यांवर रात्रीच्या उजेडाचा परिणाम जास्त होतो. आपण उन्हाच्या धास्तीनं एप्रिलपासून खिडक्यांना हिरवी जाळी आणि खस लावून घर गुहेसारखं करतो. ते करावंच लागतं, पंचेचाळीस अंशांत दुसरं काय करणार, पण सकाळी सहा-साडेसहाला अर्धा तास बाहेर फिरून या. अंबाझरी असो की घरापुढचा रस्ता.

अभ्यासिका चोवीस तास, मंगळवार दुपारी ३:२५

बॅटरीचं राहिलं.

रेझिस्टर, मंगळवार दुपारी ३:५०

फोनचा स्क्रीन एलसीडी असेल तर शून्य. एलसीडीत मागे एक पांढरा दिवा सतत पेटलेला असतो, नाइट लाइट फक्त निळ्यासमोरची झडप थोडी मिटतं. दिवा तितकीच वीज खातो. आणि झडप पूर्ण बंद होत नाही, म्हणून एलसीडीवर अंधारात काळा रंगही थोडा उजळच दिसतो. ओएलईडीत प्रत्येक उपठिपका स्वतः पेटतो, तिथे निळा खरोखर कमी जळतो, त्यामुळे थोडी बचत होते. खरी बचत ब्राइटनेस कमी करण्यात. पीडीएफ काळ्या पार्श्वभूमीवर वाचत असाल तर ओएलईडीवर आणखी.

गच्चीवरचा, मंगळवार रात्री ११:३०

माझी अडचण उलटी आहे. आम्ही अजूनही मे महिन्यात गच्चीवरच झोपतो. मिट्ट काळोख, ब्राइटनेस पार खाली नेला तरी फोन डोळ्यात घुसतो. शेजारच्या खाटेवरून ओरडा बसतो तो निराळा. नाइट लाइट फुल्ल करूनही फार फरक नाही.

रेझिस्टर, बुधवार सकाळी ७:५०

त्यासाठी दुसरी कळ आहे. अँड्रॉइड १२ पासून "एक्स्ट्रा डिम" आलं, ते तिन्ही रंग सारखेच गुणतं, म्हणजे नेहमीच्या किमान ब्राइटनेसच्याही खाली जाता येतं. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत "रिड्यूस व्हाइट पॉइंट" आहे. आयफोनवरच कलर फिल्टर्समध्ये रंगछटा पूर्ण लाल करता येते, मग निळा जवळपास नाहीसाच होतो. वाचायला भीषण दिसतं, पण गच्चीवर चालून जातं.

सावधगिरी एकच. बरेच ओएलईडी कमी ब्राइटनेसला दिवा भराभर उघडझाप करून मंद करतात. काही जणांचं त्यानं डोकं दुखतं. तसं होत असेल तर ब्राइटनेस मध्यम ठेवून एक्स्ट्रा डिमनं खाली आणा. तिथे आकडे कमी होतात, उघडझापीची पद्धत मध्यम ब्राइटनेसचीच राहते.

झिरोमाईल, बुधवार रात्री ८:१५

बाबांच्या फोनमध्ये वेळ नऊ ते सहा करून दिली. आता ते म्हणतात टीव्हीचाही रंग तसाच करून दे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये "वॉर्म" दिसतंय खरं. ते हेच का?

रेझिस्टर, बुधवार रात्री ९:०५

नाव सारखं, काम वेगळं. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही बऱ्याचदा फार निळसर सेटिंगवर येतो, "विविड" किंवा "कूल". तिथलं "वॉर्म" म्हणजे बहुतेक ६५०० केल्विनच्या जवळपास, म्हणजे चित्रपट-मालिका ज्या पांढऱ्यावर रंगसंगती करून बनवतात तो प्रमाण पांढरा. फोनवरचं वॉर्म २८५०, टीव्हीवरचं ६५००, कुठे आणि कुठे! पण लावून द्या, चेहऱ्यांचे रंग नैसर्गिक दिसतील. पहिले एक-दोन दिवस काका म्हणतील टीव्ही पिवळा पडला, तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलवू देऊ नका.